वास कसला, ते मी खोटं सांगितलं

माझी बायको श्रावणात गेली. त्याच्यानंतर मला घरात जळका वास यायला लागला. चहाची बशी तोंडाला लावली की यायचा. अंथरूण झाडलं की यायचा. सुनेला म्हणायचो, "बाई, शेगडीवर काही राहिलंय का बघ जरा." ती हातातलं काम टाकून बघून यायची. "काही न्हाई, मामा." दहा-पाच वेळा असं झालं. मंग ती जागेवरूनच "काही न्हाई" म्हणायला लागली, आणि मी विचारायचं सोडलं. दसऱ्याच्या आसपास तो वास आपोआप गेला. कोणत्या दिवशी गेला ते मला सांगता येत न्हाई. दुखणारा दात दुखायचा थांबला की थोडंच कळतं.

हे आधी सांगून ठेवतो. पुढं जे झालं त्यात माझ्यावर घरातल्या कोणाचा भरोसा राह्यला न्हाई, आणि त्यात त्यांची चूक न्हाई.

आमची चारचाकी गाडी जुनी आहे. मुलानं जालन्यातून दुसऱ्याची वापरलेली घेतली. तो टेंभुर्णीत एका खताच्या दुकानावर बसतो. माझी नात टेंभुर्णीच्याच शाळेत दुसरीत आहे. सकाळी तो तिला मागच्या शीटावर बसवतो, शाळेत सोडतो आणि दुकानावर जातो. आमच्या गावापासून वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता.

दिवाळीनंतर आठेक दिवसांनी मी त्यांच्याबरोबर निघालो. दाढी वाढली होती, टेंभुर्णीला न्हाव्याकडे जायचं होतं. मी मागं नातीशेजारी बसलो. अर्धा रस्ता बरा गेला. पुलावर म्हशी आडव्या आल्या म्हणून गाडी हळू झाली, आणि खालून वास आला. जळका. साधा जळका न्हाई. काड जळतं ना, वाळलेलं पिकाचं काड, आणि त्यात थोडं गवरीसारखं, तसा.

मी पुढच्या शीटाची पाठ घट्ट धरली.

का धरली ते सांगतो. बायकोला अग्नी दिला तेव्हा पाऊस लागून राह्यला होता. लाकडं ओली. मुलगा वाकून वाकून पेटवत होता आणि पेटत नव्हतं. चार माणसं पळत गेली, कोणाच्या तरी गोठ्यातून काडाच्या पेंढ्या आणि गवऱ्या घेऊन आली. ते काड सगळ्यात खाली सारलं तेव्हा कुठं जाळ धरला. तो वास मी ओळखतो. मला वाटलं, आला परत. घरातून गेल्ता, आता गाडीत येऊन बसला. म्हणजे आपलं डोकं गेलं.

मी मुलाला म्हणालो, "जळका वास येऊन राह्यला."

तो आरशातून माझ्याकडं बघून म्हणाला, "कुठं?"

"खालून."

त्यानं नाक वर करून दोनदा वास घेतला. त्याच्यापुढं ती सुगंधाची डबी लटकवलेली असते, तिच्या पुढं गुलाबाशिवाय कशाचाच वास येत न्हाई. "मला तर काही येत न्हाई, दादा," म्हणाला, आणि म्हशी गेल्या तशी गाडी पळवली. गाडी पळाली की वास गेला.

मी नातीला हळूच विचारलं, "तुला येतो का गं?"

"येतो, आबा."

"कसला येतो?"

"तुम्हाला येतो तसला."

आता याला काय म्हणायचं. पोरगी माझ्या लळ्याची आहे. मी म्हणालो असतो की गाडीत हत्ती बसलाय, तर तिनं सोंड दाखवली असती.

पण माझ्या मनात दुसरंच घुसलं. समजा, डोकं गेलेलं न्हाई. समजा वास खरा आहे. तर मंग गाडीत काहीतरी जळतंय, आणि ही पोर रोज त्याच्यावर बसते. डोकं गेलं असलं तर मी येडा. वास खरा असला तर त्या पोरीचा जीव. दोन्हीतलं कोणतं खरं असावं असं मागावं, तेही मला कळेना. शेवटी देवापुढं उभा राह्यलो आणि म्हणालो, मी येडाच असू दे.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज गाडीत बसायला लागलो. टेंभुर्णीला माझं काहीच काम नसायचं. शाळेपुढं मुलगा उतरून पोरीसाठी बाहेरून दार उघडायचा, तिच्यामागं मीही उतरायचो. मंग मी स्टँडवर बसायचो आणि मिळेल त्या रिक्षानं परत यायचो. सून विचारायची, "मामा, रोज कशाला दगदग करता?" मी म्हणायचो, घरात करमत न्हाई. खरं असं होतं की जळायचंच असलं तर मी शेजारी असावं. मी काय करणार होतो, तेही ठरलेलं नव्हतं. चौथी पास माणूस. बैल कळतो, गाडीतलं मला काय कळतं?

सकाळी सगळ्यांच्या आधी उठून मी गाडीचा वास घ्यायचो. चाकाचा घ्यायचो, बोनटच्या फटीला नाक लावायचो. थंड गाडीला कसलाच वास नसायचा. एकदा सुनेनं मला तसं ओणवं झालेलं बघितलं. ती तशीच आत वळली. पण दुपारी तिचं आणि मुलाचं फोनवर बोलणं झालं, ते मला कळलं, कारण संध्याकाळी तो आला ते गोड बोलतच आला.

"दादा, उद्या मिस्त्रीला दाखवू गाडी. तुमच्या मनाचं समाधान."

समाधान कोणाचं करतात? येड्याचं.

मिस्त्रीचं गॅरेज टेंभुर्णीत रस्त्यालगतच आहे. माणूस मुसलमान, माझ्या मुलापेक्षा दहा वर्षांनी मोठा असेल, हात चांगला आहे असं सगळे म्हणतात. मुलानं गाडी लावली आणि त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. मला ऐकू आलं न्हाई. पण मिस्त्रीनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं त्यावरून कळलं. आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस बघतो तशी नजर.

तरी त्यानं काम बराबर केलं. बोनट उघडलं, वायरी हातानं चाचपल्या, पट्टा बघितला, ऑइलची कांडी ओढून वास घेतला. मंग माझ्याजवळ येऊन बसला.

"चाचा, एक बात नीट सांगा. वास कैसा आता है? वायरचा वेगळा असतो, रबरचा वेगळा, क्लचप्लेटचा वेगळा. कपडा जळतो तो वेगळा. तुम्ही जैसा बोलाल, तैसा मी शोधणार. डाक्टरला पेशंट सांगतो ना, वैसा."

मुलगा समोर उभा होता. माझ्याकडं टक लावून बघत होता. मला माहीत होतं, मी "काडाचा" म्हणालो की त्याच्या डोळ्यांपुढं स्मशान उभं राहणार. पेंढ्या त्यानंच हातानं सारल्या होत्या. तो म्हणणार, झालं, दादाच्या नाकातून आई काही निघत न्हाई.

मी म्हणालो, "रबराचा."

"पक्का?"

"आता रबर मला कळत न्हाई का? सायकलीची ट्यूब जळते तसा."

साफ खोटं बोललो. शहाणा दिसायला खोटं बोललो. माणसाला आपण शहाणे आहोत हे पटवायची पाळी येते तेव्हा तो असलंच काहीतरी करतो.

मिस्त्री तासभर रबर शोधत राह्यला. पाईप बघितले, दोन वायरींची जुनी टेप काढून नवी गुंडाळली. "रबर का तो कुछ नहीं दिखा, चाचा. टेप लावली. आता वास आला तर मला फोन करा, गाडी उचलून बघू." मुलगा हसत म्हणाला, "आता न्हाई येणार." पुढं पंधरा दिवस मी तोंड शिवून बसलो. वास येतच होता. कधी कमी, कधी जास्ती. गाडी हळू झाली की यायचा. मी पोरीचा हात धरून बसायचो आणि ती म्हणायची, "आबा, दुखतंय."

मंग एक दिवस मुलानं विषय काढला. जालन्याला, नवीन जालन्यात स्टेशनच्या बाजूला एक डॉक्टर आहे.

"कशाचा डॉक्टर?"

"डोक्याचा."

"म्हणजे येड्याचा?"

"येड्याचा न्हाई हो, दादा. डोक्याचा. आई गेल्यापासून तुम्ही नीट जेवत न्हाई, रात्रीचे बसून राहता..."

"पोट रिकामं आणि डॉक्टर डोक्याचा. वा."

सून आतून म्हणाली, "मामा, एकदा जाऊन तर येऊ. मला पण पोरीला बूट घ्यायचेत." असं बुटाच्या आडून मला न्यायचं ठरलं. मी हो म्हणालो. भांडायला ताकद लागते.

रविवारी निघालो. मुलगा चालवत होता, सून पुढं, मी आणि नात मागं. थंडी होती आणि पोरीला खोकला, म्हणून काचा वर. टेंभुर्णी मागं पडली. राजूरच्या दिशेनं रस्ता खराब आहे, एका जागी काम चालू होतं आणि एकाच बाजूनं वाहनं सोडत होते. आम्ही रांगेत थांबलो. गाडी चालूच.

वास आला. ह्यावेळी असा आला की नाकात शिरायची वाट न बघता घशात गेला. मी बोललो न्हाई. आपण डोक्याच्या डॉक्टरकडं चाललोय, आता कशाला बोलायचं? डोळे मिटून बसलो.

नात म्हणाली, "आबा, धूर."

डोळे उघडले. तिच्या पायांच्या मधून, खालच्या चटईच्या कडेनं, बारीक निळा धूर वर येत होता.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला बरं वाटलं. एकच क्षण. धूर पोरीला दिसतोय, म्हणजे तो गाडीत आहे, माझ्यात न्हाई. आणि त्याच्याच मागून भीती आली. ओरडायचं होतं, आवाज निघेना. पाय आपटला तेव्हा मुलानं मागं बघितलं.

"अरे बाप रे! उतरा, उतरा!" म्हणत त्यानं गाडी बंद केली, उडी मारली आणि पळत जाऊन बोनट उघडलं. मिस्त्रीनं पुढं शोधलं म्हणून तोही पुढंच शोधायला गेला. सूनही उतरली. मी माझ्या बाजूचा खटका ओढला. दार उघडलं न्हाई. परत ओढला. खांदा मारला. न्हाई. पोरीच्या अंगावरून पलीकडचा ओढला. तोही न्हाई.

मी काचेवर बुक्क्या मारायला लागलो. धूर वाढून राह्यला होता. आणि पोर काय म्हणते?

"आबा, ते आतून उघडत न्हाई. पप्पांनी तुमच्यासाठी बंद करून ठेवलंय."

तेव्हा तिचं बोलणं कानात गेलं, पण आत उतरलं न्हाई. मी तिला कमरेत उचललं आणि पुढच्या दोन शीटांच्या मधून ढकललं. पोत्यासारखं ढकललं. तिचं डोकं आपटलं, ती रडायला लागली. "ओढ! ओढ तिला!" सुनेनं पुढच्या दारातून तिचे हात धरून ओढून घेतली. पोर बाहेर गेली. मंग मी शीटाला टेकलो. मला त्या फटीतून जाता येणार नव्हतं, माझा गुडघा दुमडत न्हाई. पण आता मला घाई नव्हती. हे सांगताना बरोबर वाटत न्हाई, पण तसंच होतं. घाई नव्हती.

तेवढ्यात मुलानं बाहेरून दार उघडलं आणि माझी बंडी धरून मला रस्त्यावर ओढलं.

गाडीच्या खालून, मधोमध, लाल दिसत होतं. विडीच्या टोकासारखं, पण वीतभर लांब. मुलगा पाण्याची बाटली घेऊन आला, ती काय पुरणार? रस्त्याच्या कामाची मुरूम-माती पडलेली होती. मी पालथा पडलो न्हाई, पण जमेल तसा आडवा होऊन ओंजळीनं माती फेकायला लागलो. मुलगा फेकायला लागला. रांगेतले दोघं-तिघं टोपलं घेऊन आले. लाल विझलं. धूर बराच वेळ राह्यला.

मुलगा माझ्याकडं बघत होता. तोंडाला माती लागलेली. मंग त्यानं मिस्त्रीला फोन लावला.

मिस्त्री अर्ध्या तासात मोटारसायकलवर आला. जॅक लावला, गोणपाट टाकलं, पाठीवर घसरत खाली गेला. आतून काहीतरी ओढल्याचा खरखर आवाज. मंग त्याचा हात बाहेर आला, आणि हातात काळं, करपलेलं, गुंता झालेलं घोंगडंच.

"चाचा, ये गाडी है की बैल? खाली चारा किस वास्ते बांधला?"

मी तो गुंता हातात घेतला. वरचा सगळा कोळसा. आतला भाग वाळका, पिवळा. त्याला दोन शेंगा होत्या. मटकी.

मी एक शेंग नखानं फोडून बघितली.

ती मटकी बायकोनं पेरलेली. दरवर्षी कपाशीच्या कडेनं चार ओळी टाकायची, घरच्या उसळीपुरती. उपटून, वाळवून, काठीनं स्वतः झोडायची. बाकीचे लोक डांबरी रस्त्यावर पीक पसरतात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या ते मळून देतात, फुकटात. मी तिला कित्येकदा म्हणालो, तूही टाक. ती म्हणायची, "लोक थुंकतात त्या रस्त्यावर. तोंडात घालायचा घास आहे तो." ह्या साली मटकी तयार झाली तेव्हा ती नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत मी ते वेल आणले आणि घरासमोर रस्त्यावर पसरले. मुलगा नको म्हणत होता. मीच त्याला गाडीत बसवलं आणि दहा-बारा वेळा मागं-पुढं करायला लावलं. "आणखी एक चक्कर मार," मीच म्हणत होतो. मटकीचा वेल लांब असतो, चिवट असतो. तो खाली सायलेन्सरच्या पाईपाला गुंडाळून बसला, आणि पाईप तापला की थोडा थोडा जळत राह्यला. खाली वाकून बघायचं ना मला सुचलं, ना त्याला.

"हर साल दो-तीन गाड्या येतात माझ्याकडं," मिस्त्री हात पुसत म्हणाला, "सोयाबीन लपेटून. लेकिन चाचा, तुम्ही रबर बोलले. काड बोलले असते तर मी पहिले खालीच घुसलो असतो. ये देखो, पेट्रोलची टाकी. तुमच्या शीटाच्या खाली." त्यानं बोटानं दाखवलं. जळालेल्या पाईपापासून हातभरसुद्धा लांब न्हाई.

सून पोरीला छातीशी धरून उभी होती. पोरीच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं.

मी मुलाला म्हणालो, "मला माहीत होतं काडाचा वास आहे. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी मुद्दाम रबर सांगितलं."

"का, दादा?"

"तू समोर होता म्हणून."

त्याला समजलं. तो मान खाली घालून उभा राह्यला, रडला असावा. मी नीट बघितलं न्हाई.

मंग मला पोरीचं बोलणं आठवलं. "दार आतून का उघडत न्हाई?" विचारलं.

तो पहिल्यांदा म्हणाला, ते लहान लेकरांसाठी असतं. मी म्हणालो, पोरीनं मला सांगितलंय. तेव्हा म्हणाला, "राख सावडून येताना, दादा, तुम्ही चालत्या गाडीचं दार उघडलं होतं. एक पाय बाहेर काढला होता. मामानं तुम्हाला धरलं. तुम्हाला आठवत न्हाई?"

मामा म्हणजे माझा मेहुणा. तो त्या दिवशी माझ्याशेजारी होता, एवढं आठवतं. दाराचं बिलकुल आठवत न्हाई. मी खूप आठवून बघितलं. मला उतरायचं होतं, की पडायचं होतं, की गाडी थांबलीय असं वाटलं होतं, मला सांगता येत न्हाई. आणि सांगता येत न्हाई याचीच मला त्या धुरापेक्षा जास्ती भीती वाटली.

मिस्त्रीनं गाडी चालू करून, तापवून, दोनदा खाली जाऊन बघितलं. पाईप साफ होता. "बेफिकीर जाओ." तो मोटारसायकल वळवून गेला.

मुलगा म्हणाला, "चला, घरी जाऊ. डॉक्टरची काही गरज न्हाई आता. तुमचं नाक आमच्यापेक्षा चांगलं आहे."

हेच मला महिनाभर ऐकायचं होतं. पण मी म्हणालो, "गाडीतला वास गाडीतला होता. श्रावणात घरात येत होता, तो कशाचा होता? तिथं तर खाली पाईप नव्हता. चल जालन्याला."

तो माझ्या बाजूला आला. मंग दार उघडून, दाराच्या कडेला एक बारीक खटका असतो, त्याच्यावर बोट ठेवून म्हणाला, "तुमच्या बाजूचं काढू?"

"काढ."

"दादा..."

"काढ म्हणालो ना. आग लागली तर पोरीला बाहेर कोण काढणार?"

त्यानं खटका फिरवला. पोर पुढं आईच्या मांडीवर बसायला तयार न्हाई, माझ्याच शेजारी आली. गाडी निघाली. राजूर गेलं. दार माझ्या कोपराला लागून होतं, आणि आता ते उघडत होतं. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि जालना येईपर्यंत तसाच बसून राह्यलो.